खान्देशच्या दरबाराची दिनचर्या

नोव्हेंबर १६१५. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीच्या खोऱ्याने बुऱ्हाणपूरला पोचला. त्याला जायचं होतं अजमेरला, बादशहा जहांगीरकडे. पण वाटेत बुऱ्हाणपूर टाळून चालण्यासारखं नव्हतं. ते खान्देश सुभ्याचं मुख्य शहर होतं, दख्खनच्या मोहिमेचं ठाणं होतं, आणि जहांगीरचा मुलगा शहाजादा परवेझ तिथे दरबार भरवून होता. शहराचा कोतवाल सोळा निशाणं मिरवत रोला सामोरा आला. एवढ्या इतमामाने नेऊन त्याला उतरवलं मात्र सरायीत, विटांच्या चार घुमटीवजा खोल्यांत. त्या रोला भट्टीसारख्या वाटल्या.

यानंतर दरबारात जे घडलं ते रोने आपल्या रोजनिशीत बारकाईने लिहून ठेवलं आहे. राजेलोकांच्या रोजच्या रीतिरिवाजांबद्दल लिहिताना आपण थेट व्हर्साय किंवा लंडन गाठतो, फार तर आग्रा. पण जळगावपासून दोन-अडीच तासांवर असा एक दरबार भरत होता आणि त्याची डोळ्यांनी पाहिलेली हकीगत उपलब्ध आहे. ती धरूनच राजाचा दिवस कसा चालत असे ते पाहू, आणि युरोपातल्या राजांचा दिवस त्याच्या शेजारी ठेवू.

शहाजादा उंच सज्जात बसला होता. वर भरजरी छत, खाली गालिचे. बाहेर शंभरएक घोडेस्वार सरदार दुतर्फा उभे होते. रो पुढे निघाला तसं एका अंमलदाराने त्याला सांगितलं, की टोपी काढायची आणि डोकं जमिनीला टेकवायचं. रोने नकार दिला. आपण मानाने भेटीला आलो आहोत, चाकरांचा रिवाज आपल्याला लागू नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे तीन पायऱ्या आणि कठड्याने घेरलेली जागा होती. तिथे त्याने आपल्या पद्धतीने मुजरा केला, शहाजाद्यानेही अंग किंचित झुकवून तो स्वीकारला. कठड्याच्या आत शहरातली बडी मंडळी हात बांधून उभी होती. रोने विचारलं, मी वर येऊन शहाजाद्याच्या शेजारी उभा राहू का? उत्तर आलं, इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी त्याला ही मुभा नाही. मग त्याने खुर्ची मागितली. तर इथे कधी कोणी बसलेलंच नाही! अखेर सौजन्य म्हणून त्याला एवढीच सवलत मिळाली, की छत पेलणाऱ्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहावं.

खुर्चीचा हा हट्ट किरकोळ वाटेल, पण दरबार कसा चालतो याची किल्ली त्यात आहे. त्या काळी मंत्रिमंडळाची यादी छापून येत नव्हती, खातेवाटप जाहीर होत नव्हतं. कोणाचं वजन किती हे लोकांना कळायचं ते माणूस कुठे उभा आहे यावरून. कठड्याच्या आत की बाहेर, तख्तापासून किती हातांवर, हात बांधून की मोकळे, ही सगळी मोजमापं होती आणि ती रोज सगळ्यांसमोर नव्याने मोजली जात. जहांगीरच्या दरबारात एकाआड एक कठडे होते. आतल्या आणि बाहेरच्या कठड्यातला फरक नजरेत भरत नाही म्हणून त्याने आतला कठडा चांदीने मढवून घेतला, आणि ही गोष्ट आपल्या आत्मचरित्रात नोंदवण्याइतकी त्याला महत्त्वाची वाटली.

आता फ्रान्सकडे वळू. चौदाव्या लुईने १६८२ साली दरबार व्हर्सायला हलवला. त्याच्या शयनगृहात पलंगाभोवती सोनेरी कठडा होता आणि तो ओलांडायचा हक्क मोजक्यांनाच होता. राणीसमोर बसायचं तर पाठ नसलेलं एक लहानसं स्टूल मिळे, तेही डचेस दर्जाच्या स्त्रियांना. बाकीच्या कितीही श्रीमंत असल्या तरी उभ्या. त्या स्टुलासाठी घराण्याघराण्यांत वर्षानुवर्षं चुरस चाले. रो बुऱ्हाणपूरला अडून बसला तो उद्धटपणाने, असं मला वाटत नाही. तो ज्या जगातून आला होता तिथेही बसण्याचा अर्थ हाच होता. त्याने जमिनीला डोकं टेकवलं असतं, तर इंग्लंडचा राजा परवेझच्या चाकरांच्या रांगेत जाऊन बसला असता. आणि परवेझने खुर्ची दिली असती, तर कठड्यातले सगळे सरदार एका क्षणात त्या परदेशी माणसापेक्षा खालचे ठरले असते. खांबाची तोड काढणारा जो कोण दरबारी होता, तो आपल्या कामात पक्का असला पाहिजे.

छत, कठडा, तंबू या वस्तूंना राजेपणाचं मोल होतं हे खान्देशला फार आधीपासून ठाऊक होतं. फिरोजशहा तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. मलिक राजा पुढे स्वतंत्र झाला आणि १३९९ साली थाळनेरलाच त्याला पुरलं. त्याचा मुलगा नसीर याने असीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं. या नसीरला गुजरातच्या अहमदशहाने तीन गोष्टी दिल्या: ‘खान’ हा किताब, पांढरं छत्र आणि लाल तंबू. लाल तंबू उभारणं हा राजाचा हक्क. छत्र तर आपल्याकडे त्याहून जुनं. खानाचा देश तो खान्देश, अशी आपल्या प्रांताच्या नावाची एक उपपत्ती सांगतात ती याच मानपानातून.

दिवसाची सुरुवात दरबाराने होत नसे. ती होई सूर्योदयाला, झरोक्यात. राजाने उगवतीला वाड्याच्या खिडकीत येऊन बसायचं, खाली मैदानात जमलेल्या रयतेने त्याला पाहायचं आणि ज्याची तक्रार असेल त्याने ती मांडायची. मुघलांत ही रीत अकबराने रूढ केली आणि तिच्यामागे आपल्याकडच्या दर्शनाची कल्पना आहे. बादशहाला पाहिल्याशिवाय अन्नाला न शिवणारेही लोक होते. पण भक्तीइतकंच इथे व्यवहाराचं काम होई. ज्या राज्यात वर्तमानपत्र नाही, जिथे राजा मेला की भावाभावांत तलवारी निघतात, तिथे राजा जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे एवढी खात्री रोज मिळणं ही बाजारपेठेचीही गरज होती. रोने जहांगीरच्या दिनक्रमाबद्दल लिहिलं आहे, की सबळ कारणाशिवाय तो एक दिवस दिसला नाही तरी लोक बिथरतील. दोन दिवस झाले तर कुठलीच सबब चालणार नाही, दारं उघडून कोणाला तरी आत जाऊ द्यावंच लागेल. तसंच घडलं. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला, झरोक्यात येईना, तो मेल्याची अफवा उठली आणि त्याची चारही मुलं वारसाच्या लढाईत उतरली.

याच शाहजहानचा त्याआधीचा एक खाडा बुऱ्हाणपूरचा आहे. दख्खनच्या मोहिमेसाठी तो इथे मुक्कामाला होता. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथेच वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं पुरलं आणि डिसेंबरात देह आग्र्याला नेला. दरबारी बखरकार सांगतात, की बादशहा आठवडाभर झरोक्यात आला नाही, कामकाज पाहिलं नाही, रंगीत वस्त्रं टाकून पांढरी नेसला. ताजमहालाबद्दल आपण पुष्कळ वाचतो. मला त्या सात दिवसांचं मोल अधिक वाटतं. एक दिवस न दिसणं जिथे धोक्याचं, तिथे बादशहाने आठवडाभर राज्य अधांतरी ठेवलं.

पुढे औरंगजेबाने आपल्या राज्याच्या अकराव्या वर्षी झरोक्याची प्रथा धर्माला धरून नाही म्हणून बंद केली. ती पुन्हा दिसली ती एका युरोपीय राजाच्या रूपात. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुकुट घालून लाल किल्ल्याच्या झरोक्यात बसले आणि खाली लोटलेल्या लाखो लोकांना त्यांनी दर्शन दिलं. आपली सत्ता लोकांच्या डोळ्यांना पटवायची तर कुठे बसावं लागतं, हे इंग्रजांना तीनशे वर्षांत नीट उमगलं होतं.

वस्त्राची गोष्ट आता जरा जवळून पाहू, कारण तिच्यात खान्देशचा हात आहे. दरबारात जाणाऱ्याने नजर द्यायची, म्हणजे मोहरा, रुपये किंवा एखादी दुर्मिळ वस्तू. राजाने उलट खिलत द्यायची. मराठी दरबारांत त्यालाच शिरपाव म्हणत: पागोटं, शेला, अंगरखा, कमरबंद. तीन वस्त्रांची खिलत वेगळी, पाचांची वेगळी, सातांची वेगळी. सर्वांत मोठा मान कशाचा? राजाने स्वतःच्या अंगावरून उतरवलेल्या वस्त्राचा. युरोपीय माणसाला हे पटकन पचत नसे. १६१६ साली अजमेरला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बुऱ्हाणपूरच्या स्वारीवर निघताना त्याने रोला आपला एक-दोनदा वापरलेला जरीचा झगा दिला. रोला ते वापरलेलं कापड वाटलं, नाटकात तैमूर होणाऱ्या नटाला शोभेल असं त्याने लिहून ठेवलं. शहाजाद्याच्या लेखी मात्र तो आपल्या देहाचा, आपल्या मर्जीचा तुकडा देत होता. घेणाऱ्याने तो तिथेच अंगावर घालायचा आणि तसलीम करायची, म्हणजे मी तुमचा झालो हे सगळ्यांसमोर कबूल झालं. कागदावरच्या करारापेक्षा ही कबुली पक्की मानली जाई.

लुईने हीच युक्ती वेगळ्या शिलाईत वापरली. लाल अस्तराचा, सोन्या-चांदीच्या भरतकामाचा एक निळा कोट त्याने ठरवून दिला. तो घालायला राजाच्या सहीचा परवाना लागे आणि परवाने मोजकेच काढले जात. परवानाधारक मेला की ती जागा मिळवायला सरदारांची धावपळ सुरू होई.

एवढी जर येणार कुठून? बुऱ्हाणपूर हे तिचं मोठं केंद्र होतं. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने सतराव्या शतकात लिहिलं आहे, की इथे आरपार दिसेल इतकी तलम मलमल विणतात, तिला सोन्याचांदीचे काठ लावतात, आणि ती इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंडपर्यंत जाते. खान्देशातला कापूस, तिथले पिंजारी आणि विणकर, जर ओढणारे कारागीर, सुरतेपर्यंत बैल हाकणारे लमाण, इतक्या लोकांची चूल एका मानाच्या वस्त्रावर पेटत होती. राजाने वर्षातून किती खिलती वाटल्या यावर मागचा सगळा बाजार हले. रिवाज पाहताना आपण राजाच्या अंगावरचं कापड पाहतो आणि ते विणणारा विसरतो, याची मला खंत वाटते.

जेवणाच्या रीतींबद्दल सगळ्यांत नेमकी माहिती अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त मिळते. मुदपाकखान्यावर मीर बकावल हा अधिकारी. स्वयंपाकी तोंड-नाक झाकून काम करत. पदार्थ आधी आचाऱ्याने चाखायचा, मग बकावलाने. सोन्याचांदीची भांडी लाल कापडात, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधायची, वर मोहोर लावायची आणि आत काय आहे ते लिहायचं. मग चोपदारांच्या पहाऱ्यात ताटं निघायची आणि मीर बकावल पुन्हा चाखायचा. भांडी परत आली की यादीशी ताळा. विषाची भीती हे एक कारण, पण तोच हिशेबही होता, म्हणजे चोरी रोखण्याची सोय. व्हर्सायला राजाच्या जेवणाची ताटं रक्षकांसह मिरवत येत आणि सुरी-काट्यांवरून पाव फिरवून तो अधिकारी स्वतः खात, विष नाही याची खात्री म्हणून. दोघांना एकमेकांचं काही शिकावं लागलं नाही, भीती एकच होती. फरक एवढा की लुई रात्री दहाला लोकांसमोर बसून जेवत असे आणि ते पाहणं हा तमाशबिनांचा हक्क होता. आपल्याकडचे राजे दर्शन देत ते झरोक्यातून. जेवण आत, पडद्यामागे.

अशा कडेकोट व्यवस्थेला भोकही बुऱ्हाणपुरातच पडलं. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेऊन फारुकींचं राज्य संपवलं, मुलगा दानियाल याला इथे नेमलं आणि त्याच्या नावावरून प्रांताला दानदेश म्हटलं. दानियालला दारूचं व्यसन होतं. बापाने कडक पहारा बसवला. तेव्हा त्याच्या मर्जीतल्या माणसांनी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूचा अंश त्यात मिसळला, आणि १६०५ साली तो बुऱ्हाणपूरला मेला. हे जहांगीरनेच लिहिलं आहे. दहा वर्षांनी त्याच शहरात परवेझने रोला वखारीची परवानगी दिली, खासगीत पुन्हा भेटू असं सांगितलं, आणि रोनेच नजर केलेल्या मद्याच्या बाटल्या रिचवून तो इतका झिंगला की ती भेट झालीच नाही. खरा कारभार तोवर सेनापती अब्दुल रहीम खानखाना पाहत होता, हे रोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मान, छत्र, सज्जा परवेझचा आणि हुकूम खानखानाचा. रिवाज हे कामही चोख करतात, रिकामी जागा भरलेली दिसते.

याच खानखानाच्या काळातलं, १६१५ च्या सुमाराचं एक काम मात्र कुठल्याही दरबारी थाटापेक्षा मोठं आहे. शाही किल्ल्यातला हमाम तुम्ही पाहाल तर छतावर अजून रंगीत वेलबुट्टी दिसते, मध्ये अष्टकोनी हौद दिसतो. मुघलांच्या लेखी हमाम म्हणजे नुसती अंघोळ नव्हती. अकबर अंघोळीनंतर निवडक माणसांना तिथेच भेटे, म्हणून खलबतखान्यालाच ‘गुसलखाना’ म्हणू लागले. पण हमामाला आणि शहराला बारमाही पाणी हवं. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याला भुयारी कालवा खोदला: कुंडी भंडारा. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपतं, बोगदा शहराच्या दिशेने अगदी हलक्या उताराने येतो, आणि ठरावीक अंतरावर कुंड्या, म्हणजे हवा आणि दुरुस्तीसाठी उभ्या विहिरी. पंप नाही, रहाट नाही, उतार सगळं काम करतो. ही इराणी कनातीची पद्धत.

लुईने कारंज्यांसाठी सेन नदीवर १४ अवाढव्य चाकांचं यंत्र बसवलं, दोनशेवर पंपांनी पाणी टेकडीवर चढवलं, तरी सगळी कारंजी एका वेळी चालत नसत. राजा बागेत फिरायला निघाला की माळी शीळ घालून पुढच्याला इशारा देत, समोरचं कारंजं सोडलं जाई आणि मागचं बंद होई. ते यंत्र केव्हाच मोडीत निघालं. कुंडी भंडाऱ्यात आजही स्वच्छ पाणी वाहतं, खाली उतरून ते पाहता येतं. राजांसाठी म्हणून केलेल्या कामांपैकी जे रयतेच्या घशापर्यंत पोचलं, ते टिकलं.

राजेशाही दिनचर्येची एक काळी बाजूही याच मुलखात होती. फारुकींच्या शेवटच्या काळात राजघराण्यातले पुरुष वारस असीरगडावर ठेवले जात. कुटुंब, नोकरचाकर, सुखसोयी सगळं असे, फक्त गड उतरायची मोकळीक नसे. ज्याची पाळी येईल तो थेट तख्तावर. शेवटचा सुलतान बहादूरशहा असाच गडावर वाढला. ज्याने जग पाहिलंच नाही त्याच्यासमोर अकबर उभा ठाकला. हा रिवाज भाऊबंदकीतला रक्तपात टाळायला आणला असेल, पण त्याने राज्यकर्ते आंधळे केले, असं माझं स्पष्ट मत आहे.

खान्देशात हे सगळंच इतिहासजमा झालेलं नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहायला सातपुड्यातून हजारो आदिवासी येतात; हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. उंच बांबूचा दांडा, रात्रभर ढोल आणि नाच, पहाटे राजघराण्याच्या मानाने पेटणारी होळी. आणि हद्दीपलीकडे डांगात, आहव्याला, होळीच्या आधी डांग दरबार भरतो. तिथल्या पाच भिल्ल राजांना सरकारकडून राजकीय पेन्शन आणि मान दिला जातो. डांग एके काळी खान्देशच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली होता. नजर आणि शिरपाव यांचं जुनं नातं तिथे अजून लोकांसमोर उभं राहतं.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. सहली अजिंठ्याला जातात, जाव्यातच. एक वर्ष सहल थाळनेरला न्या. तापीकाठचा पडका किल्ला आणि फारुकींच्या कबरी मुलांना दाखवा. त्यातल्या अष्टकोनी कबरीवरचं कोरीवकाम जवळ जाऊन पाहण्याजोगं आहे. दुसऱ्या वर्षी बुऱ्हाणपूर. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी तासाभरात तिथे पोचवते. किल्ला, हमाम आणि कुंडी भंडारा एका दिवसात होतात. सकाळी लवकर पोचलात तर आधी किल्ल्याच्या तापीकडच्या बाजूला जा.